काळीतलं घर

आमच्या लेआउटमध्ये कॅलेंडरं भलत्याच जागी टांगलेली असायची. कुणाकडे दाराच्या चौकटीला चिकटून, कुणाकडे खिडकीखाली गुडघ्याएवढ्या उंचीवर, एका घरात तर थेट छताजवळ, जिथली तारीख वाचायला स्टूल लागलं असतं. नवीन राहायला आले तेव्हा मला वाटलं, इथल्या बायकांना घर मांडायची अक्कल जरा कमीच दिसते. मी अकोल्याची, माझं नाक तसंही थोडं वर. पुढे आमच्याही घरात कॅलेंडरला जागा बदलावी लागली तेव्हा ते नाक खाली आलं.

घर पाहावं बांधून आणि लग्न पाहावं करून, असं म्हणतात. आमच्याकडे ही दोन्ही कामं जोडीनंच झाली, कारण त्या वर्षांत वऱ्हाडात एकाशिवाय दुसरं होतच नव्हतं. शेतीचे दिवस फिरले होते. पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, कधी हाती यायची नाही, आणि यायची तेव्हा तिला कुणी विचारायचं नाही. पेपर उघडायची भीती वाटावी असे ते दिवस. मुलगी द्यायची तर लोक आधी वावर किती हे विचारत. आता विचारायला लागले, अमरावतीत प्लॉट आहे का? माझ्या वडिलांनीही तेच विचारलं. मुलगा बडनेऱ्याला रेल्वेत होता, एकुलता एक होता, निर्व्यसनी होता, पण वडिलांनी हे सगळं ऐकून घेऊन प्रश्न तोच केला. माझ्या होणाऱ्या सासऱ्यांनी सांगितलं, घेऊन राहिलो, म्हणजे घेतोच आहे.

आणि त्यांनी खरंच घेतला. गावाकडचं नदीच्या अंगचं वावर त्यांनी विकलं. कुणाचं देणं नव्हतं, कुणाचा तगादा नव्हता. पण मुलगा काही परत येऊन तिफन धरणार नव्हता, सासूबाई आधीच गेल्या होत्या, आणि गावातली अर्धी घरं कुलुपं लावून शहराकडे निघाली होती. सगळे जे करत होते ते त्यांनीही केलं. वावर विकायचं आणि शहरात प्लॉट घ्यायचा, असा तो काळ. ज्याला त्याला वाटायचं, आज नाही घेतला तर उद्या आपल्याला जागाच मिळणार नाही.

अमरावतीच्या चहूबाजूंनी तेव्हा शेतांचे प्लॉट पडत होते. तुरीचे खुंट उपटायच्या आत सिमेंटचे खुंट रोवले जात. रंगीत झेंडे, मुरमाचा रस्ता, वर एक कमान, की झाला लेआउट. शाळेतले मास्तर, सलूनवाले, सगळेच दलाली करायला लागले होते. आम्हाला प्लॉट दाखवणारा तर एसटीत कंडक्टर होता. तिकीट फाडता फाडता तो प्रवाशांना हळूच सांगायचा, कॉर्नरचा एकच राहिला आहे म्हणून.

त्यानं दोन जागा दाखवल्या. एक शहराच्या पूर्वेला, पहाडाच्या अंगाला. नुसतं बरड, पायाखाली मुरूम, वर कुसळी गवत. दुसरी बडनेऱ्याच्या वाटेवर. सपाट, काळीभोर जमीन. भाव जवळजवळ सारखाच. माझं लग्न तेव्हा व्हायचं होतं, पण हा प्रसंग माझ्या नवऱ्यानं मला इतक्या वेळा सांगितला आहे की मीही तिथे होते असं वाटतं. बरडावर मामाजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, चपलेच्या टोकानं एक दगड उडवला आणि म्हणाले, या बरडावर कोण पैसे घालते? दुसऱ्या जागेवर मात्र ते उकिडवे बसले. मूठभर माती उचलली, दाबली, फोडली, नाकाजवळ नेली. वावर विकल्यापासून पहिल्यांदाच त्यांच्या चेहऱ्यावर समाधान दिसलं, असं नवरा सांगतो. दुसऱ्या दिवशी बयाना देऊन झाला.

आता वऱ्हाडातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं की गाव बसतं पांढरीवर आणि काळी असते ती पेरायला. काळीत कुणी घर बांधत नाही. मामाजींना हे माझ्यापेक्षा शंभरपटीनं ठाऊक होतं. पण ते ठाऊक असणं गावापुरतं होतं. त्यांनी जन्मात घर बांधलं नव्हतं. गावातलं घर त्यांच्या आज्यानं बांधलेलं, ते फक्त त्यात जन्मले. शहरात त्याच जमिनीवर डॉक्टरांचे, मास्तरांचे रंगवलेले बंगले उभे होते. शिकलेल्या लोकांनी बांधले म्हणजे बघूनच बांधले असतील. शंका कशाला येईल? वावर देऊन वावरच मिळालं, एवढं त्यांना पुरेसं होतं. जमिनीतलं ज्याला काही कळत नाही त्यानं नाणं उडवलं असतं आणि एखादवेळी तो वाचलाही असता. ही चूक करायला चांगलाच शेतकरी लागतो.

पाया खोदताना मिस्त्री म्हणाला होता की मुरूम लागत नाही. अजून खोदलं, काळीच निघाली. अजून खोदलं, तरी काळीच. घरातल्या सगळ्यांचा धीर जिथे संपला तिथे खोदणं थांबलं आणि वर घर उभं राहिलं. दोन खोल्या, स्वयंपाकघर, पुढे ओटा, बाजूला एक चिंचोळी पट्टी मोकळी. त्या पट्टीत मामाजींनी पहिल्याच पावसात तूर पेरली आणि कोपऱ्यात एक कडुनिंब लावला. तूर कंपाउंडच्या वर गेली. येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवून ते ती दाखवायचे. अशी तूर गावातल्या वावरातही झाली नव्हती म्हणे.

माझी मुलगी याच घरात झाली. पहिल्या उन्हाळ्यात आतल्या खोलीच्या भिंतीवर केसाएवढी रेघ दिसली. नवऱ्यानं पुट्टी भरली, मी विसरले. पावसाळ्यात दारं फुगून अडकायला लागली. परतवाड्याहून आलेले एक सुतारचाचा रंधा घेऊन घरोघर फिरायचे आणि दारं तासून द्यायचे; असं का होतं हे ते कुणाला विचारत नसत आणि त्यांनाही कुणी विचारत नसे. हिवाळा लागता लागता रेघ पुन्हा आली. आता तिच्यात पोस्टकार्ड जात होतं. मी कॅलेंडर काढलं आणि तिथे टांगलं. टांगताना मला ती बाकीच्या घरांतली कॅलेंडरं आठवली, आणि हात तिथेच थांबला.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला शेजारच्या काकूंकडे गेले होते. काकूंचे यजमान हायस्कूलातून निवृत्त झालेले, त्यांना सगळे सर म्हणत. त्यांच्या बैठकीत लेआउटमधल्या सगळ्या बायका दाटीवाटीनं बसल्या होत्या, तिळाच्या पाकाची चर्चा चालली होती. माझ्या कडेवरच्या लेकीनं हात लांबवून भिंतीवरचं कॅलेंडर ओढलं. ते खाली आलं. मागे भेग होती. जमिनीपासून छतापर्यंत गेलेली, पांढऱ्या पुट्टीनं बुजवलेली आणि त्या पुट्टीतूनच पुन्हा उकललेली.

एकीनंही अगंबाई म्हटलं नाही, याचीच मला जास्त भीती वाटली. मग कुणीतरी पाकाला किती तार यावी लागते ते पुन्हा सांगायला सुरुवात केली आणि बाकीच्या जणी माना डोलवायला लागल्या. काकूंनी शांतपणे कॅलेंडर खिळ्याला लावलं, मला हळद लावली, आणि लावता लावता अगदी हलक्या आवाजात विचारलं, "तुमच्याकडं कोन्त्या भिंतीले हाये?"

मी सांगितलं, आतल्या खोलीच्या. त्या म्हणाल्या की कुणाजवळ बोलू नको, झाकली मूठ सव्वा लाखाची. त्यांचा मुलगा पुण्याला होता, त्याच्याकडे जायचं होतं, घर विकायचं होतं. भेगांची गोष्ट एकदा कमानीबाहेर गेली की त्या लेआउटमधल्या घराला कुत्रं विचारणार नव्हतं. घरोघर हीच गोष्ट. प्रत्येकाला विकून निघायचं होतं, आणि निघता यावं म्हणून प्रत्येकजण शेजाऱ्याचं गुपित सांभाळत होता. घरी येताना मी रस्त्याच्या दोन्ही बाजूंच्या रंगवलेल्या भिंतींकडे पाहत आले, प्रत्येकीमागे कॅलेंडर कुठे असेल याचा अंदाज घेत.

त्यानंतर मी नवऱ्याला स्वस्थ बसू दिलं नाही. तोंडानं फटकळ आहेच मी. शेवटी त्यानं ओळखीतले एक इंजिनिअर आणले. इंजिनिअरनी भिंत पाहिली, बाहेरून फिरून आले, जमिनीतल्या भेगेत एक काडी घातली तर ती पूर्ण आत गेली. मग त्यांनी काचेच्या पट्ट्या काढल्या आणि भेगेवर आडव्या, सिमेंटनं चिकटवल्या. काच शाबूत राहिली तर भेग थांबली, तुटली तर चालू आहे. तुटली तर त्या खोलीत झोपू नका. काळी माती ओली झाली की फुगते, वाळली की आखडते, आणि घर तिच्या पाठीवर बसलेलं आहे, तेव्हा घराच्या चारी बाजूंना ओल सारखी ठेवा, असं त्यांनी सांगितलं. भिंतीजवळचं झाड मुळांनी ओल ओढतं, म्हणून तिथे काही लावू नका हेही सांगितलं. मामाजी ओट्यावर बसून ऐकत होते. इंजिनिअर गेल्यावर मामाजींनी तुरीची वाळकी झाडं उपटली आणि कडुनिंबावर स्वतःच कुऱ्हाड चालवली.

आणि मग मी काच पाहत राहिले. भाकरी थापताना पाहायची, लेकीला न्हाऊ घालताना उठून जाऊन पाहायची. कुकरची शिट्टी झाली तरी दचकायची. नवरा सकाळी ड्युटीवर बडनेऱ्याला जायचा, मागे मी, लेक आणि मामाजी. छतावर पाल चुकचुकली तरी लेकीला उचलून घ्यायची. फाल्गुन गेला, चैत्र आला, बाहेरची जमीन वाळून उलायला लागली. भेगेतून मुंग्या यायला लागल्या, मग बारीक धूळ, आणि एका सकाळी उन्हाची एक तिरीप. भिंतीच्या आत उभं राहून मी बाहेरचं ऊन पाहत होते. लेकीला ती तिरीप फार आवडली. ती तिच्यावर हात मारून हसायची, आणि मला रडू यायचं.

वैशाखातली ती दुपार. मी लेकीला थोपटत होते. टक्‌ असा आवाज झाला. बांगडी वाढते तसा, एवढाच. मी काचेकडे पाहिलंही नाही. लेकीला उचललं आणि अनवाणी बाहेर धावले. अंगणात पाय ठेववत नव्हता, पण परत ओट्यावर चढायची हिंमत होत नव्हती. मामाजी ओट्यावरच्या बाजेवरून उठले आणि आत निघाले. मी ओरडले, आत जाऊ नका. ते गेले. किती वेळ लागला मला माहीत नाही, मला वाटलं आता भिंतच खाली येते. ते आले तेव्हा त्यांच्या हातात लेकीचं दुपटं होतं. ते त्यांनी माझ्या पायांशी अंथरलं आणि म्हणाले, यावर उभी राहा.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं मी लेकीला घेऊन अकोल्याला गेले. वडिलांचं घर जुन्या शहरात, भाड्याचं, अंधारं, पण दगडचुन्याचं. आत शिरल्या शिरल्या मी सगळ्या भिंतींवरून हात फिरवला. आई पाहतच राहिली. त्या दिवशी मी सकाळीच झोपले ती संध्याकाळी उठले. आई म्हणाली, राहा इथंच. वडिलांनी माझी पिशवी उचलून आत नेऊन ठेवली. प्लॉट आहे का हे त्यांनीच विचारलं होतं, आणि ते आम्हा दोघांनाही आठवत होतं. पण डोळा लागला की मला नवरा आणि मामाजी त्या घरात दिसायचे, आणि मला माझ्या पळून येण्याचंही बरं वाटत नव्हतं. किती दिवस अशी राहणार? घर होतं ते एवढंच. वावर गेलेलं. भाड्याच्या खोलीत जाऊन हे घर तसंच टाकून द्यायचं तर मामाजींच्या आयुष्यभराच्या कमाईला कुलूप लावल्यासारखं. एकच वाट होती, घर विकायची.

ती वाट उघडते आहे, असं नवऱ्यानं फोनवर सांगितलं. सरांच्या घराला गिऱ्हाईक लागलं होतं. दलाल तोच कंडक्टर. सरांचं घर चांगल्या भावानं गेलं की लगेच आपलं काढायचं, पूर्वेला बरडावर एखादा लहानसा फ्लॅट घ्यायचा. मी त्याच आठवड्यात परत आले. भीती होती, पण आता तिला एक मुदत दिसत होती.

येऊन पाहते तर आमच्या घराभोवती सरी काढलेली. भिंतीपासून थोडी दूर, चारी बाजूंनी एकसारखी, खुरप्यानं कड तासलेली. आंघोळीचं, धुण्याचं, भांड्यांचं सगळं पाणी मामाजी पिंपात साठवायचे आणि संध्याकाळी त्या सरीत सोडायचे. उन्हाळ्यात नळाची खात्री नसायची, म्हणून सगळं वापरलेलंच पाणी. एका बाजूला जास्त झालं तर पायानं माती ओढून वळवायचे, पाणी मुरेपर्यंत वाकून पाहत बसायचे. घराला पाण्याची पाळी देत होते ते. पऱ्हाटीला देतात तशी. मला हसू आलं.

मी चहा घेऊन गेले. त्यांनी कप हातात घेतला, पण डोळे सरीतच होते. मी म्हटलं, मामाजी, तुम्ही स्वतःला बोल लावून घेऊ नका, सगळ्यांनीच घेतले इथे प्लॉट.

"त्यायनं घरासाठी जागा पाह्यली अन् फसले," ते म्हणाले. "मी घरासाठी जागा पाह्यलीच नाई, सूनबाई. मी वावर पाह्यलं."

लेक सरीत हात घालून चिखल कालवत होती, तिला उचलून मी आत गेले.

गिऱ्हाईक यायच्या आदल्या दिवशी सर आमच्याकडे आले. भला माणूस, आवाज कधी चढवला नाही. त्या दिवशीही त्यांनी विनंतीच केली. सरी पाहिली की लोक विचारतील, घराला पाणी का देता. तेव्हा तेवढ्या वेळापुरती ती माती लोटून घ्या. आपण सगळे एकाच नावेत आहोत, असंही म्हणाले. नवऱ्यानं लगेच हो म्हटलं. मामाजी हो म्हणाले नाहीत आणि नाहीही म्हणाले नाहीत. सकाळी उठून पाहिलं तर सरी बुजवलेली, वरून झाडूनही घेतलेलं. माझा जीव भांड्यात पडला.

नवरा ड्युटीवर गेल्यावर ते लोक आले. पांढऱ्या शर्टातला कंडक्टर, बँकेत नोकरीला असलेला एक तरुण, आणि त्याचे वडील, धोतर-टोपीतले, दर्यापूरकडचे. तरुण आत गेला, नळ सोडून पाहू लागला, खिडक्या उघडू लागला. कॅलेंडर जागेवर असेल, काकूंनी कपाटही सरकवलं असेल, हे मला इकडे उभ्याउभ्या दिसत होतं. वडील मात्र आत गेलेच नाहीत. ते सरांच्या घराच्या बाजूच्या मोकळ्या पट्टीत आले आणि उकिडवे बसले. मूठभर माती उचलली. दाबली, फोडली, नाकाजवळ नेली.

मी लेकीला कडेवर घेऊन दारात उभी होते. मामाजी कंपाउंडच्या बुटक्या भिंतीजवळ, त्यांच्यापासून हातभर अंतरावर. देवा, यांना बोलू देऊ नको, एवढंच मी मनात घोकत होते. सरळ सांगते, त्या म्हाताऱ्याचं काय होईल हे माझ्या मनातही आलं नाही. मला फक्त माझ्या लेकीच्या उशाची भिंत दिसत होती, आणि ती सोडून जायचा रस्ता याच व्यवहारातून जात होता.

म्हातारा वर पाहून म्हणाला की चांगली काळी आहे. मामाजी म्हणाले, लय चांगली आहे. मी श्वास सोडला. दोघे एकमेकांकडे पाहत राहिले. दोन शेतकरी बाजाराच्या दिवशी भेटावेत आणि बोलायला फारसं काही नसावं, तसे.

मग मामाजींनी विचारलं, "पाहुने, पेरायले घेता का राहायले?"

म्हातारा हसला. म्हणाला, आता पेरणं कुठलं, राहायलेच. मामाजी म्हणाले, मग इकडे या.

त्यांनी म्हाताऱ्याचा हात धरला आणि त्याला फाटकातून, ओट्यावरून, माझ्या समोरून आतल्या खोलीत नेलं. मी अडवू शकले असते. पण मीही मागोमाग आत गेले. त्यांनी कॅलेंडर उचललं. भेगेवर मधोमध तुटलेली काच तशीच चिकटलेली होती. म्हाताऱ्यानं रिकाम्या हाताची बोटं भेगेत घातली, ती पेरांपर्यंत आत गेली. त्याला कुणी काही समजावून सांगावं लागलं नाही.

"ही तं वावराची भेग हाये," तो म्हणाला.

मामाजींनी मान हलवली. म्हणाले, काळी आपला गुण सोडत नाही, वर घर बांधा नाहीतर देऊळ बांधा. ही सारी वस्ती अशीच आहे. मग ते थांबले. पुढचं वाक्य त्यांना जड गेलं, ते मला दिसलं.

"पहाडाच्या अंगाले जा. बरड पाहा. जिथं काईच उगवत नाई ना, तिथं घर घ्या."

म्हातारा तसाच उभा राहिला. त्याच्या दुसऱ्या मुठीत ती माती अजून होती. तो मामाजींकडे पाहत होता, रागानं नाही, घाबरलेल्या माणसासारखा.

"वावर तं इकून आलो मी," तो म्हणाला. "बरडावर दिवसभर करू काय?"

मामाजींनी कॅलेंडर परत खिळ्याला लावलं, ते वाकडं लागलं, आणि त्यांनी ते सरळही केलं नाही. बाहेरून तरुण हाक मारत होता. म्हातारा गेला. फाटकाशी त्यानं मुलाला काहीतरी सांगितलं, कंडक्टरचा चेहरा उतरला, आणि ते तिघे कमानीकडे चालायला लागले. त्या लोकांनी पुढे कुठे घर घेतलं, आम्हाला कधी कळलं नाही.

सर कंपाउंडजवळ आले. मला वाटलं आता भांडण होणार. ते मामाजींना एवढंच म्हणाले की चला, आता तुम्हीही इथंच आणि आम्हीही इथंच. आणि आत गेले. त्यांनी शिवी दिली असती तर मला बरं वाटलं असतं. काकूंनी पुढे कितीतरी दिवस माझ्याशी बोलणं टाकलं. एका दुपारी त्याच भिंतीपलीकडून त्यांनी मला विचारलं की सरी भिंतीपासून किती लांब काढायची असते. मी सांगितलं. तेवढंच आमचं बोलणं झालं.

पण तो दिवस. ते लोक गेल्यावर मी मामाजींना खूप बोलले. या घरात तुमची नातही झोपते, एवढं तरी ध्यानात ठेवायचं होतं, असं म्हटलं. ते उठले, खुरपं घेतलं आणि बुजवलेली सरी पुन्हा उकरायला बसले. मी रागात आतली खोली झाडायला गेले. जिथे म्हातारा उभा होता तिथे फरशीवर मातीची लहानशी ढेप पडलेली होती, मुठीचा आकार अजून तिच्यावर. मी ती सुपलीत भरली, बाहेर नेली आणि मामाजींच्या सरीत टाकली. दुसरीकडे टाकणार तरी कुठे?

आम्ही अजून त्याच घरात राहतो. मामाजी गेले, तेव्हापासून पाळी मी देते. होळी झाली की सरी काढते, पाऊस नीट लागेपर्यंत वापरलेलं पाणी साठवून सोडते. दर उन्हाळ्याला नवऱ्यानं नवी काच लावायची, हेही ठरून गेलं आहे. लेक शिकायला बाहेरगावी असते. तिचा फोन आला की ती आधी माझी तब्येत विचारत नाही, तिच्या बाबांची विचारत नाही. काच शाबूत आहे ना, हे विचारते. मी हो म्हणते. कधी कधी खोटंच हो म्हणते, आणि फोन ठेवून आतल्या खोलीतलं अंथरूण पुढच्या खोलीत नेते.